टेंडन हाडाला नीट जुळावं म्हणून ग्रोथ फॅक्टर: ऑपरेशन झालेल्यांचे नेहमीचे प्रश्न

मी फिजिओ आहे, बरीच वर्षं खांदा आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे पेशंट बघतेय. हल्ली दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी विचारतंच की "ते ग्रोथ फॅक्टर घेतले तर लवकर जुळेल का हो?" टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा, आणि ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना कामाला लावणारी प्रोटीनं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढलं. वाचायला थोडा वेळ लागेल, पण पहिले तीन प्रश्न गाळू नका, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

सर्जननी टेंडन हाडाला शिवलंय ना, मग आता जुळायचं काय राहिलं?

सगळंच राहिलंय. टाके आणि अँकर (हाडात बसवलेले, टाके अडकवायचे छोटे खुंट) फक्त टेंडनला हाडाशी धरून ठेवतात. स्लॅब टाकताना खालून सेंटरिंग लावतात ना, तसंच हे, सेंटरिंगमुळे स्लॅब पडत नाही पण स्लॅबला ताकद येते ती काँक्रीट आतून धरल्यावर. इथे काँक्रीटचं काम शरीर करतं, आठवडेच्या आठवडे, आणि तोवर सगळा भार त्या दोऱ्यांवर असतो. दोरा सहसा तुटत नाही बरं का, दोरा टेंडनला कापत कापत बाहेर येतो, म्हणजे बहुतेक वेळा कच्चा दुवा टेंडनच असतो. आणि पुन्हा फाटणारे बरेचसे खांदे पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच फाटतात.

मुळात हा जोड असतो कसा?

शिकत असताना मायक्रोस्कोपखाली या जोडाची स्लाइड पहिल्यांदा बघितली तेव्हा मी बराच वेळ डोळा काढलाच नाही. एका बाजूला टेंडनचे तंतू, समांतर, विंचरलेल्या केसांसारखे. मग हळूहळू त्यांच्यात गोलसर पेशी दिसायला लागतात, ओळीने बसलेल्या, ते झालं मऊ फायब्रोकार्टिलेज, म्हणजे तंतू मिसळलेली कूर्चा. मग एक बारीक जांभळट-निळी रेघ येते, तिला टाइडमार्क म्हणतात, समुद्राच्या भरतीची खूण राहते तशी. त्या रेघेपलीकडे तेच फायब्रोकार्टिलेज पण आता त्यात कॅल्शियमचे क्षार बसलेले, आणि शेवटी हाड. असे चार थर, आणि हे सगळं जेमतेम मिलिमीटरभर जागेत!

एवढी उठाठेव कशासाठी? टेंडन लवचिक आणि हाड त्याच्यापेक्षा कितीतरी पट कडक, असे दोन पदार्थ थेट चिकटवले तर ताण सगळा जोडावरच गोळा होतो आणि तिथेच फाटतं. म्हणून शरीराने मधे पायऱ्या ठेवल्यात, कोलॅजन, म्हणजे हे तंतू ज्याचे बनतात ते प्रोटीन, तेसुद्धा बदलत जातं, टेंडनमध्ये मुख्यतः टाइप १, मधल्या थरांत टाइप २ आणि टाइप १०. या जागेला एन्थेसिस म्हणतात.

ऑपरेशननंतर हे चार थर परत तयार होतात का?

नाही. आणि या सगळ्या विषयाचं मूळ दुखणं हेच आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात तिथे व्रणाचं टिश्यू भरतं, सुरुवातीला टाइप ३ कोलॅजन, अस्ताव्यस्त तंतू, मधल्या पायऱ्या गायब. पुढे महिनोन् महिने ते सुधारत जातं, तंतू ओढीच्या दिशेने लागतात, पण मूळची रचना काही परत येत नाही.

याचा परिणाम किती असू शकतो हे २००४ साली छापलेल्या एका अभ्यासात दिसलं. दुर्बिणीतून दुरुस्त केलेले, मोठे आणि खूप मोठे फाटलेले असे १८ रोटेटर कफ (खांद्याभोवतीच्या स्नायूंचे टेंडन) नंतर सोनोग्राफीवर तपासले तर १७ मध्ये पुन्हा छिद्र सापडलं. घाबरू नका, हे सगळे मोठे टिअर होते, लहान टिअरचे निकाल याहून खूप चांगले असतात, शिवाय टाके मारायच्या पद्धतीही तेव्हापासून सुधारल्यात. विशेष म्हणजे त्याच पेशंटपैकी बहुतेकांचं दुखणं पहिल्या वर्षात चांगलंच कमी झालं होतं. पण सर्जन मंडळींना त्यातून एक गोष्ट कळून चुकली की नुसतं शिवणकाम कितीही पक्कं केलं तरी जीवशास्त्राने साथ दिल्याशिवाय जोड धरत नाही, आणि ग्रोथ फॅक्टरकडे लोक जास्त लक्ष देऊ लागले त्याचं हे एक मोठं कारण.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे औषध का? खत का? नक्की काय?

प्रोटीन आहेत, आणि काम निरोप्याचं. एक पेशी सोडते, दुसऱ्या पेशीच्या रिसेप्टरवर तो निरोप पोचतो आणि ती पेशी कामाला लागते, वाढ, इकडे सरक, कोलॅजन बनव, कार्टिलेजची पेशी हो, हाडाची हो. रीटा लेवी-मोंटाल्चिनी आणि स्टॅनली कोहेन या दोघांना ग्रोथ फॅक्टरच्या शोधासाठी १९८६ चं नोबेल मिळालं. हाडाच्या बाजूची गोष्ट त्याआधीची, १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं की क्षार काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तरी तिथे नवं हाड तयार होतं, म्हणजे त्या हाडात काहीतरी संदेश शिल्लक होता. त्यालाच पुढे बीएमपी नाव पडलं.

खत म्हणून विचार केलात तर मात्र फसाल. खत जास्त घातलं की पीक जास्त असा आपला हिशोब असतो, इथे निरोप चुकीच्या वेळी गेला तर पेशी भलतंच काम करून बसतात.

कोणकोणते ग्रोथ फॅक्टर या कामात तपासलेत?

बरेच. टीजीएफ-बीटा कुटुंब सगळ्यात महत्त्वाचं वाटतं मला, कारण त्यातच या विषयाची सगळी गुंतागुंत दिसते. टीजीएफ-बीटा १ जखम भरतो पण व्रणही वाढवतो. टीजीएफ-बीटा ३ गर्भाच्या जखमेत जास्त असतो, आणि गर्भाची जखम लवकरच्या महिन्यांत व्रणाशिवाय भरते, म्हणून सगळ्यांचा डोळा याच्यावर. उंदरांच्या खांद्यात कॅल्शियम फॉस्फेटसोबत दिला तेव्हा चार आठवड्यांनी जोड जास्त मजबूत निघाला. पण माणसाच्या त्वचेवरचे व्रण कमी करायला यावरूनच बनवलेलं औषध २०११ मध्ये शेवटच्या टप्प्याच्या चाचणीत अपयशी ठरलं, तेव्हा उंदीर ते माणूस हा रस्ता किती लांबचा आहे ते लक्षात ठेवा.

बीएमपी-२ आणि बीएमपी-७ हाड बनवणारे. बीएमपी-१२, १३, १४ हे त्याच घरातले पण टेंडनकडे झुकणारे, मेंढ्यांच्या खांद्यात बीएमपी-१२ ने जुळण्याचा वेग वाढला होता. पीडीजीएफ पेशी बोलावतो आणि वाढवतो, एफजीएफ-२ सुरुवातीला गती देतो, व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या आणतो, आयजीएफ-१ कोलॅजन बनवायला लावतो. बाकीच्यांची यादी देत बसत नाही.

मग भरपूर घातले की काम फत्ते ना?

हा प्रश्न माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सावकाश वाचा.

२००७ मध्ये मेंढ्यांवरचा एक अभ्यास आला, त्यात हाड बनवायला लावणाऱ्या ग्रोथ फॅक्टरचं मिश्रण टेंडन आणि हाडाच्या मधे ठेवलं. निकाल बघून वाटेल वा! नवं टिश्यू जास्त तयार झालं, ओढून तोडायला ताकदही जास्त लागली. पण मग त्यांनी ती ताकद टिश्यूच्या आकारमानाने भागून बघितली आणि फरक नाहीसा झाला. म्हणजे टिश्यू जास्त होतं, चांगलं नव्हतं. व्रणच, फक्त जाडजूड.

डोसचंही तसंच. मेंढ्यांच्या खांद्यात कोलॅजनच्या तुकड्यात भिजवून पीडीजीएफ दिला, ७५ आणि १५० मायक्रोग्रॅमला बारा आठवड्यांनी जोड मजबूत झाला, ५०० मायक्रोग्रॅम दिला तर तो फायदा दिसेना. व्हीईजीएफ तर अजून वेगळं शिकवतो, मेंढीच्या गुडघ्यात एसीएलच्या (गुडघ्याच्या आतल्या एका मुख्य लिगामेंटच्या) ग्राफ्टला, म्हणजे त्याच्या जागी बसवलेल्या टेंडनला, व्हीईजीएफ दिल्यावर रक्तवाहिन्या भरपूर आल्या पण ग्राफ्ट ढिला पडला. रक्तपुरवठा वाढला म्हणजे सगळं चांगलंच होणार असं आपण गृहीत धरतो, इथे तसं झालं नाही.

आणि वेळ. उंदरांमध्ये एफजीएफ-२ दिला तर दोन आठवड्यांना जोड जास्त मजबूत होता, चार आणि सहा आठवड्यांना न दिलेल्यांनीही बरोबरी गाठली. घाई केली, शेवट तोच.

म्हणून कुणी "ग्रोथ फॅक्टर देतो" एवढंच म्हणालं तर त्यातून काहीच कळत नाही. कुठला, किती, कशात घालून, कुठल्या दिवशी, हे चारही लागतं.

नुसतं इंजेक्शन देऊन चालत नाही का?

ही प्रोटीनं फार अल्पायुषी आहेत, शरीरात मोकळी सोडली की काही मिनिटांत नाहीतर तासांत संपतात किंवा वाहून जातात. खांद्यात तर दुर्बिणीच्या ऑपरेशनला सतत पाणी सोडलेलं असतं, त्यात काय टिकणार. आणि जोड धरायला लागतात आठवडे. म्हणून कोलॅजन स्पंज, फायब्रिन ग्लू, हायड्रोजेल, लेप दिलेले टाके असे वाहक शोधले जातायत, जे हळूहळू सोडत राहतील. खरं स्वप्न असं की हाडाकडच्या बाजूला एक संदेश, टेंडनकडच्या बाजूला दुसरा, मधे तिसरा, म्हणजे ते चार थर पुन्हा उभे राहतील. प्रयोगशाळेत यावर छान काम चालू आहे.

पीआरपी म्हणजेच ग्रोथ फॅक्टर ना? मला तेच सुचवलंय.

अर्धं बरोबर. पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. तुमचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवतात, प्लेटलेट जास्त असलेला भाग वेगळा करतात. रक्तात मायक्रोलिटरमागे साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, पीआरपीत त्या काही पटींनी जास्त. प्लेटलेटच्या आत छोट्या पिशव्या असतात त्यात पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ, आयजीएफ असं सगळं भरलेलं असतं. म्हणजे एक ठरलेला संदेश न पाठवता सगळे निरोप्ये एकदम सोडल्यासारखं, आणि त्यातला बहुतेक माल प्लेटलेट उघडल्यावर पहिल्या तासाभरातच बाहेर पडतो. प्रत्येक माणसाचं रक्त वेगळं, मशीन वेगळं, पांढऱ्या पेशी ठेवलेल्या की काढलेल्या हेही वेगळं, त्यामुळे दोन ठिकाणचं पीआरपी एकच असेल असं नाही.

रोटेटर कफच्या ऑपरेशनात दिलेल्या पीआरपीवर माणसांवरचे बरेच अभ्यास आहेत आणि निकाल मिश्र आहेत. काहींत पुन्हा फाटण्याचं प्रमाण कमी दिसलं, काहींत काहीच फरक नाही. २०१२ च्या एका अभ्यासात प्लेटलेटची फायब्रिन जाळी वापरली होती, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून, त्यात जुळण्यात फायदा दिसला नाही. माझं प्रामाणिक मत सांगू? स्वतःचंच रक्त असल्याने धोका कमी आहे, सर्जनना त्याचा चांगला अनुभव असेल आणि खर्च झेपत असेल तर नाही म्हणणार नाही. पण पीआरपी घेतलंय म्हणून स्लिंग (हात गळ्यात अडकवायची झोळी) लवकर काढायची, हे मात्र अजिबात नाही.

माणसांसाठी मंजूर झालेलं असं काही आहे का?

दुसऱ्या कामांसाठी आहे. अमेरिकेत पीडीजीएफचं जेल १९९७ मध्ये मधुमेहातल्या पायाच्या जखमांसाठी मंजूर झालं, बीएमपी-२ हे २००२ मध्ये कमरेच्या मणक्यांच्या फ्युजनसाठी, पीडीजीएफ २००५ मध्ये हिरड्यांसाठी आणि २०१५ मध्ये घोट्याच्या फ्युजनसाठी. नीट बघा, हाड हाडाला जोडणं किंवा जखम भरणं ही ती कामं. हाड व्रणाशिवाय जसंच्या तसं परत तयार होऊ शकतं, टेंडन-हाडाचा जोड होत नाही, म्हणून तिकडचं यश इकडे आपोआप लागू पडत नाही.

धोके काय? कॅन्सर होतो असं वाचलं.

भीती कुठून आली ते सांगते. पीडीजीएफच्या त्या जेलवर २००८ मध्ये कॅन्सरमुळे मृत्यूबद्दलचा ठळक इशारा छापायला लावला होता, पुढे जास्त माहिती आल्यावर २०१८ मध्ये तो काढला. बीएमपी-२ मानेच्या मणक्यात वापरल्यावर घशाला सूज येऊन श्वासाला त्रास झाल्याचे प्रकार घडले, त्यावर २००८ मध्येच सावधगिरीची सूचना निघाली. शिवाय बीएमपी नको तिथे हाड बनवू शकतं, टेंडनमध्ये तर ते अजिबात नकोय. तुम्हाला आधी कॅन्सर झाला असेल किंवा उपचार चालू असतील तर हे सर्जनना पहिल्या भेटीतच सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका.

माझं एसीएल झालंय, खांदा नाही. मलाही हेच लागू का?

तत्त्व तेच, जागा वेगळी. इथे ग्राफ्ट हाडात पाडलेल्या बोगद्यात बसवतात. हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूच्या टेंडनचा) ग्राफ्ट असेल तर टेंडनला बोगद्याच्या भिंतीशी जुळायचं असतं, ते व्रणातून आणि शार्पी तंतूंमधून होतं, हे तंतू खिळ्यांसारखे हाडात शिरतात. १९९३ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या एका अभ्यासात आठ आठवड्यांपर्यंत ओढल्यावर टेंडन बोगद्यातूनच निसटत होतं, बारा आठवड्यांनंतर मात्र ते तिथून निघेना. पटेलर टेंडनच्या (गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनच्या) ग्राफ्टला दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात, तिथे हाड हाडाला जुळतं म्हणून टोकं लवकर धरतात.

दुखणं थांबलं म्हणजे जुळलं ना?

नाही, नाही आणि नाही. एक बाई होत्या, पन्नाशीच्या, खांद्याचं ऑपरेशन छान झालेलं, सहाव्या आठवड्यात दुखणं जवळपास शून्य. सातव्या आठवड्यात आल्या त्या गप्प गप्पच होत्या. वरच्या फळीवरचा जड डबा काढायला सहज हात वर नेला आणि आतून टक्कन आवाज आला म्हणाल्या, दुखलं पण फार नाही. मी हात बाहेरच्या बाजूला दाबायला सांगितला तर कालपरवापर्यंत येणारी ताकद आलीच नाही, त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटलेलं अजून आठवतं. सोनोग्राफीत टेंडन मागे सरकलेलं दिसलं. त्यांनी पीआरपी घेतलं होतं, आणि त्यामुळे आपलं लवकर भरलं असणार असं त्यांना वाटत होतं. मीही त्यांना दुखणं आणि जुळणं यातला फरक पुरेसा ठासून सांगितला नव्हता. तेव्हापासून पहिल्याच दिवशी सांगते, दुखणं सुजेवर अवलंबून असतं, सूज आधी उतरते, जोड नंतर धरतो, आणि मधले जे आठवडे असतात तेच सगळ्यात धोक्याचे.

ग्रोथ फॅक्टर नाही परवडले तर माझ्या हातात काय?

खूप काही, आणि तुमचे स्वतःचे ग्रोथ फॅक्टर तर चालूच असतात, त्यांच्या कामात अडथळा आणायचा नाही. तंबाखू, सिगारेट पूर्ण बंद, निकोटीनने उंदरांमध्ये हाच जोड उशिरा धरताना दिसलाय. शुगर ताब्यात. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढा. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका, इंडोमेथासिन आणि सेलेकॉक्सिबने उंदरांमध्ये जोड कच्चा राहिला होता, माणसांत चित्र एवढं स्पष्ट नसलं तरी कुठली गोळी किती दिवस हे सर्जननाच विचारा.

आणि भार. अगदीच भार नसला तरीही जोड नीट होत नाही, प्राण्यांमध्ये स्नायू पूर्ण लुळा करून बघितलं तर जोड आणखी खराब झाला. जास्त झाला तर फाटतो. म्हणून तो मधला मार्ग, दुसऱ्याने हलवणं, मग आधाराने, मग स्वतः, मग वजन. फिजिओ कंटाळवाणी वाटते माहितीये मला, पण पेशींना ओढ कुठल्या दिशेची हे कळतं ते यातूनच.

सर्जन काही वेळा हाडाच्या पृष्ठभागाला बारीक छिद्रं पाडतात, म्हणजे आतल्या मज्जेतलं रक्त आणि पेशी जोडापाशी येतात. महागडं काही न वापरता मिळणारी ही मदत आहे, विचारून बघायला हरकत नाही.

मी स्पर्धेत खेळतो, डोपिंगचा प्रश्न येईल का?

पीआरपी वाडाच्या (डोपिंगविरोधी जागतिक संस्थेच्या) बंदीच्या यादीतून २०११ मध्ये निघालं. पण वेगळे काढलेले ग्रोथ फॅक्टर, आयजीएफ-१, पीडीजीएफ, व्हीईजीएफ वगैरे, बंदच आहेत. काहीही टोचून घ्यायच्या आधी टीमच्या डॉक्टरांना त्या बाटलीवरचं नाव दाखवा.

सर्जनला नेमकं काय विचारू?

माझा टिअर किती मोठा आहे आणि स्नायूत चरबी किती भरलीय, कारण चरबी जास्त भरलेली असेल तर ग्रोथ फॅक्टरने ती परत जात नाही. तुम्ही देताय ते नक्की काय आहे, पीआरपी असेल तर पांढऱ्या पेशी असलेलं की नसलेलं. ते जोडाच्या जागीच ठेवणार की सांध्यात सोडणार. माझ्यासारख्या पेशंटमध्ये पुन्हा फाटण्यावर फरक पडल्याचं माणसांमध्ये दिसलंय का, की प्राण्यांमध्ये. आणि हे घेतल्याने माझ्या स्लिंगच्या किंवा व्यायामाच्या तारखा बदलणार आहेत का. या शेवटच्या प्रश्नाला "हो, लवकर सुरू करू" असं उत्तर आलं तर कशाच्या आधारावर ते जरूर विचारा.

ऑपरेशनला दोन वर्षं झाली, आता घेऊन उपयोग होईल?

जोड धरायचा तो काळ निघून गेलेला असतो. दोन वर्षांनी तिथे जे आहे ते पिकलेलं व्रणाचं टिश्यू, त्याला इंजेक्शनने चार थरांत बदलता येत नाही. दुखत असेल तर आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून जोड शाबूत आहे का ते बघा. शाबूत असेल तर बहुतेक वेळा ताकदीचे व्यायाम आणि खांद्याच्या पात्यावर काम करून फरक पडतो, त्याला तीन महिने द्या. शाबूत नसेल तर पुन्हा शिवायचं की नाही हा प्रश्न सर्जनचा, आणि ग्रोथ फॅक्टरचा विचार करायचाच झाला तर तो त्या ऑपरेशनच्या टेबलावर, ताज्या जोडासोबत.